कोंबड्यांच्या आवारातील खाद्य-पाणी: सांडलवंड टाळणारी मांडणी कशी करावी

खाद्याचे भांडे बदलण्याआधी किंवा नवे बनवण्याआधी एका दिवसाचे मोजमाप करून घ्यावे, असा माझा आग्रह असतो. संध्याकाळी कोंबड्या दांडीवर चढल्या की भांड्याखालची जमीन झाडून घ्यावी. भांड्याच्या घेरापेक्षा सर्व बाजूंनी वीतभर मोठी आणि सुमारे १० सें.मी. खोल अशी परात तेथे काठापर्यंत जमिनीत पुरावी, तिच्या तोंडावर साधारण २५ मि.मी. भोकांची जाळी घट्ट बसवावी आणि भांडे पुन्हा नेहमीच्या उंचीला ठेवावे. पूर्ण एक दिवस उलटल्यावर परातीत जे साठले असेल त्यातून पिसे आणि विष्ठा वेगळी काढून उरलेल्याचे वजन करावे. अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. तिने जेमतेम १० ग्रॅम सांडले तरी दहा कोंबड्यांचे वर्षाला साडेछत्तीस किलो होतात, म्हणजे त्याच दहा कोंबड्यांचे महिनाभराचे खाद्य मातीत गेलेले असते. हा आकडा स्वतःच्या तागडीवर दिसला की पुढची खटपट कशासाठी हे वेगळे सांगावे लागत नाही, आणि केलेला बदल उपयोगी पडला की नाही हेही नंतर वजनानेच ठरवता येते.

सांडण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो, म्हणून आधी अर्धा तास शांतपणे भांड्याजवळ बसून पाहावे. काही कोंबड्या दळलेल्या खाद्यातले आवडीचे मोठे कण शोधण्यासाठी चोच डावी-उजवीकडे फिरवतात आणि बाकीचे बाहेर उडवतात. याला कारण भांड्याचा सपाट काठ आणि शिगोशिग भरलेले खाद्य. भांडे जमिनीला टेकलेले असेल तर त्या त्यात पाय घालून उकरतात, कारण अन्न दिसले की उकरायचे ही कोंबडीची उपजत रीत आहे आणि ती मोडता येत नाही, फक्त अन्न पायाच्या आवाक्याबाहेर नेता येते. काही जणी काठावर चढून बसतात आणि तेथेच विष्ठा टाकतात. पाण्याची गोष्ट आणखी निराळी आहे. कबूतर चोच बुडवून पाणी ओढून पिते, कोंबडीला तसे येत नाही. ती चोचीत पाणी घेते, मान वर करते आणि ते घशात उतरू देते. या प्रत्येक घोटाबरोबर चोचीतून आणि गळ्याखालच्या लोळ्यांवरून थोडे पाणी ठिबकतेच. त्यामुळे उघड्या भांड्याभोवतीची जमीन कायम ओली राहते, आणि माझ्या मते खाद्याच्या नासाडीपेक्षा ही ओल अधिक महागात पडते. भिजलेल्या खाद्याला बुरशी लागते आणि काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिनसारखी विषे तयार होतात. रक्ती हगवणीच्या जंतूंची विष्ठेतून पडलेली बीजे उबदार ओलसर गादीत, म्हणजे जमिनीवर पसरलेल्या भुशाच्या थरात, एक-दोन दिवसांत रोग पसरवण्याजोगी होतात. ओल्या गादीतून सुटणारा अमोनिया डोळ्यांना आणि श्वासनलिकेला त्रास देतो, तो वेगळाच.

जागा आणि खालचा थर

मांडणीचा एक नियम मी सर्वांत वर ठेवतो: खाद्य कोरड्या आणि टणक जागेवर, पाणी निचऱ्याच्या जागेवर. पुष्कळदा दोन्ही भांडी शेजारी-शेजारी एकाच लाकडी फळीवर ठेवलेली दिसतात. कोंबडी तोंडात खाद्य असतानाच पाण्याकडे वळते, मग पाण्यात खाद्याचा गाळ बसतो आणि खाद्याच्या भांड्यात पाण्याचे थेंब पडतात. दोन्हींत दीड-दोन मीटर अंतर असले की चालता चालता चोच रिकामी होते. यापेक्षा फार दूर नेण्यातही अर्थ नाही, कारण खाणे आणि पिणे आलटून-पालटून चालते आणि दुबळी कोंबडी लांबच्या पाण्याकडे जाण्याचा कंटाळा करते.

दोन्ही जागा छपराखाली असाव्यात आणि छप्पर भांड्याच्या कडेपुढे सर्व बाजूंनी किमान अर्धा मीटर आलेले असावे, कारण पाऊस क्वचितच सरळ पडतो. पागोळ्या जेथे पडतात ती रेषा पावसात एकदा पाहून घ्यावी आणि भांडी तिच्या आतच ठेवावीत. बसायच्या दांड्या भांड्याच्या वर असता कामा नयेत. दारासमोरची जागाही टाळावी, कारण तेथे सर्वांची ये-जा असते आणि माती उडत राहते. छपराचा आणखी एक फायदा असा की रानपाखरे उघड्यावरच्या खाद्यावर जितकी उतरतात तितकी आडोशाला येत नाहीत, आणि पक्ष्यांचा फ्लू पसरवण्यात रानपक्ष्यांचा वाटा असल्यामुळे ही बाब दुय्यम समजू नये.

खाद्याच्या भांड्याखाली फरशी किंवा सिमेंटचे ठोकळे बसवावेत. येथे जाळीचा चौथरा करण्याचा मोह होतो, मीही तो एकदा केला होता. वरून सगळे स्वच्छ दिसत होते आणि खाली जाळीच्या आडोशाला उंदरांची आयती मेजवानी चालू होती, हे मला चौथरा हलवला तेव्हाच कळले. फरशीवर सांडलेला दाणा दिसतो, कोंबड्या तो वेचून खातात आणि उरलेला झाडता येतो. पाण्याखाली मात्र जाळीचाच चौथरा हवा. त्यासाठी साधारण एक मीटर लांब-रुंद आणि १५ ते २० सें.मी. खोल खड्डा काढून त्यात तळाशी जाड खडी आणि वर बारीक खडी भरावी, आणि लाकडी चौकटीवर ताणलेली मजबूत वेल्ड केलेली जाळी त्यावर ठेवावी. चौकट उचलता येईल अशी सुटी असावी, कारण दर दोन-तीन महिन्यांनी वरची खडी धुवावी लागते. जमीन चिकणमातीची असेल तर खड्ड्याचे डबके होते. तेव्हा खड्ड्याच्या तळातून उताराच्या दिशेने एक भोके पाडलेला पाइप आवाराबाहेर काढावा.

किती भांडी, किती मोठी

लांबट पन्हाळीसारखे भांडे असेल तर प्रत्येक मोठ्या कोंबडीला १० सें.मी. काठ मिळाला पाहिजे आणि पन्हाळीच्या दोन्ही बाजूंनी खाता येत असेल तर दोन्ही काठ मोजावेत. गोल भांड्याला कोंबडीमागे ४ सें.मी. परीघ पुरतो, कारण गोलाभोवती त्या पाचरीसारख्या उभ्या राहतात. पाण्याच्या उघड्या गोल भांड्याला कोंबडीमागे १ सें.मी. परीघ आणि निप्पल (चोचीने पिन हलवली की थेंब देणारी छोटी तोटी) असतील तर दहा कोंबड्यांमागे किमान एक, असे हिशोब धरावेत. माझा स्वतःचा कल निप्पल पाच-सहा कोंबड्यांमागे एक ठेवण्याकडे आहे, कारण एखादे बंद पडले तर ते लगेच लक्षात येत नाही.

कळपात चोचीचा अधिकार चालतो. वरचढ कोंबडी भांड्यापाशी उभी राहून खालच्या पायरीवरच्या कोंबड्यांना हुसकते, त्या घाईत खातात आणि घाईत जास्त सांडते. म्हणून चारच कोंबड्या असल्या तरी खाद्याच्या दोन आणि पाण्याच्या दोन जागा कराव्यात, आणि एका जागेवरून दुसरी दिसू नये अशी आडोशाची योजना करावी. एका मोठ्या भांड्यापेक्षा दोन लहान भांडी केव्हाही चांगली.

साठ्याचा हिशोब दिवसांत करावा. दहा कोंबड्यांना दिवसाला सुमारे सव्वा किलो खाद्य लागते, तेव्हा आठ-नऊ किलोचा साठा आठवडाभर पुरतो आणि त्याहून जास्त भरून ठेवू नये, दमट हवेत तर तीन-चार दिवसांपुरतेच भरावे. पाणी कोंबडी खाद्याच्या साधारण दुप्पट पिते, म्हणजे नेहमीच्या हवेत २०० ते २५० मि.लि. आणि कडक उन्हात त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक.

खाद्याचे भांडे

तयार मिळणारे लटकते नळकांडी भांडे वाईट नाही. फक्त त्याच्या तबकाचा काठ आतल्या बाजूला एक-दोन सेंटिमीटर वळलेला आहे का आणि तबकावर चोचीपुरत्या खिडक्या पाडणारी जाळी किंवा पट्ट्या आहेत का, एवढे पाहून घ्यावे. या दोन गोष्टी चोचीने बाजूला उडवण्याला सरळ अडसर घालतात. पन्हाळीच्या भांड्यावर लांबीभर एक सैल फिरणारी दांडी बसवली की त्यावर चढलेली कोंबडी घसरून खाली येते आणि दोन दिवसांत तो नाद सोडते.

पीव्हीसी पाइप उभा करून खाली एल्बो (पाइपाचा वळणाचा जोड) लावलेले भांडे पुष्कळ लोक बनवतात. ११० मि.मी.च्या एक मीटर उंच पाइपात सुमारे साडेआठ लिटर जागा असते, त्यात पाचेक किलो खाद्य मावते, जागा अडत नाही आणि वर टोपण लावले की पाऊस जात नाही. परंतु बारीक दळलेले खाद्य पाइपात कमान धरून अडकते, त्यामुळे वर भरलेले दिसते आणि खाली कोंबड्या उपाशी राहतात. शिवाय एल्बोचे तोंड वर उघडे असल्यामुळे बाजूला उडवलेला दाणा थेट जमिनीवर जातो. गोळी खाद्य वापरणाऱ्यांना आणि जागा फारच कमी असणाऱ्यांना हे भांडे चालेल. इतरांना मी पुढे दिलेले बादलीचे भांडे सुचवेन.

या भांड्यासाठी घट्ट झाकणाची, अन्नासाठी वापरता येईल अशा प्लॅस्टिकची वीस लिटरची बादली, ७५ मि.मी.चे तीन काटकोनी एल्बो, तेवढ्या मापाचे गोल करवतीचे बिट आणि पॉलिशपेपर एवढे साहित्य लागते. मोठ्या तुऱ्याच्या किंवा थोराड जातीच्या कोंबड्यांसाठी एल्बो ९० मि.मी.चे घ्यावेत. युक्ती अशी की एल्बोचे एक तोंड बादलीच्या भिंतीतून बाहेर उघडते आणि दुसरे आत, खाली तळाकडे पाहते. कोंबडी डोके आत घालून खाली वाकून खाते आणि चोचीतून उडालेला कण बादलीतच परत पडतो.

प्रथम एल्बो बादलीच्या आतून भिंतीला लावून धरावा. त्याचे खालचे तोंड तळापासून सुमारे ३ सें.मी. वर राहील अशा स्थितीत आडव्या तोंडाची जागा भिंतीवर खूण करून घ्यावी. हे ३ सें.मी. महत्त्वाचे आहेत. अंतर कमी ठेवले तर खाद्य एल्बोखाली सरकत नाही, जास्त ठेवले तर एल्बोत वरपर्यंत चढते आणि कोंबडी ते बाहेर ओढते. गोळी खाद्याला एखादा सेंटिमीटर कमी चालतो, बारीक खाद्याला थोडा जास्त लागतो, म्हणून पहिला एल्बो बसवल्यावर बादलीत खाद्य ओतून पाहावे आणि मगच उरलेल्या दोघांची भोके पाडावीत. तिन्ही भोके परिघावर समान अंतरावर असावीत. बादलीच्या आत लाकडाचा ठोकळा दाबून धरून बाहेरून सावकाश ड्रिल चालवले म्हणजे प्लॅस्टिक तडकत नाही. भोकाची कड पॉलिशपेपरने घासून मऊ करावी, कारण खरखरीत कडेवर लोळ्या आणि मानेची पिसे घासली जातात. एल्बो घट्ट बसत असेल तर गोंदाची गरज नाही. सैल वाटला तर बाहेरच्या कडेने सिलिकॉन लावून पूर्ण वाळेपर्यंत, किमान एक दिवस, भांडे वापरात आणू नये.

बादलीच्या तळाच्या मध्यभागी खाद्य साचून जुने होत राहते. त्यासाठी तळावर मध्यभागी एक सुळका ठेवावा; पसरट फनेल उपडे घालून त्याचे वरचे तोंड बंद केले तरी काम होते. त्यावरून घसरत खाद्य कडेच्या एल्बोंकडे जाते. झाकणावर मावेल तर उतरता शंकू किंवा तिरकी फळी बसवावी, नाहीतर सकाळी झाकणावर कोणीतरी बसलेले दिसेल आणि आजूबाजूला तिच्या खुणा.

हे भांडे टांगावे की ठेवावे, यावर मतभेद आहेत. टांगल्यास उंची साखळीच्या एकेका कडीने बदलता येते आणि उंदरांना चढणे अवघड जाते, पण एकाच साखळीवर ते झोके घेते आणि झोक्यात सांडते. म्हणून टांगायचे तर तळाला एक दोरी बांधून फरशीतल्या कडीला अडकवावी. कोंबड्यांची वये सारखी असतील तर ठोकळ्यांवर पक्के ठेवणे मला अधिक पसंत आहे.

उंचीचे माप एकच: कोंबडी सरळ, निवांत उभी असताना तिच्या पाठीची जी पातळी, तीच भांड्याच्या खाण्याच्या काठाची. यात दोन-तीन सेंटिमीटर वर गेले तर बिघडत नाही, खाली गेले तर लगेच बिघडते. कळपात लहान-मोठ्या जाती एकत्र असतील तर उंची मोठ्यांच्या पाठीला धरावी आणि लहानांसाठी समोर एक वीट ठेवावी. उघड्या तबकाचे भांडे असेल तर तबकात खाद्य एक तृतीयांशापेक्षा वर राहणार नाही असे नळकांडे खाली-वर करून ठेवावे.

खाद्याच्या रूपाचाही सांडण्याशी थेट संबंध आहे. दळलेल्या मॅशमध्ये निवड करता येते म्हणून नासाडी सर्वांत जास्त, गोळीत सर्वांत कमी, कारण प्रत्येक गोळीत सगळे घटक सारखेच असतात आणि खाली पडलेली गोळी उचलून खाताही येते. मॅशवरून गोळीवर जाताना आठवडाभर दोन्ही मिसळून द्यावे. भिजवलेले किंवा आंबवलेले खाद्य मात्र या साठ्याच्या भांड्यात कधीही घालू नये. ते वेगळ्या उथळ पन्हाळीत, अर्ध्या तासात संपेल एवढेच द्यावे आणि पन्हाळी लगेच उचलून धुवावी. अंड्याच्या कवचासाठी लागणारा शिंपल्यांचा चुरा आणि खाद्य दळण्यासाठी पोटात लागणारी बारीक खडी यांना भिंतीवर एकेक छोटी वाटी असावी. हे पदार्थ खाद्यात मिसळले की ज्यांना नको त्या कोंबड्या ते चोचीने बाहेर काढतात आणि सोबत खाद्यही जाते.

उंदरांचा बंदोबस्त

कोंबड्या अंधारात खात नाहीत. त्यामुळे रात्रभर उघडे राहिलेले खाद्य फक्त उंदरांसाठी असते. संध्याकाळी त्या दांडीवर गेल्या की एल्बोंच्या तोंडांवर टोपणे लावावीत किंवा भांडे उचलून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे आणि पहाटे, त्या खाली उतरण्याआधी, पुन्हा मांडावे. पहाटे उठणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी पायाच्या फळीवर कोंबडीचे वजन पडले की झाकण उघडणारे भांडे असते. ते चांगले काम करते, पण हलक्या वजनाच्या छोट्या जातींना फळी दबत नाही आणि पिल्लांच्या माना झाकणाखाली सापडण्याचा धोका असतो, म्हणून मिश्र वयाच्या कळपात ते वापरू नये. सवय लागेपर्यंत झाकण पूर्ण उघडे अडकवून ठेवावे, नंतर दर दोन-तीन दिवसांनी थोडे थोडे खाली आणावे. आवाराची जाळी १२ मि.मी.ची असेल तर मोठे उंदीर अडतात. चिचुंद्री आणि लहान उंदीर अडवायचे तर खालच्या दोन फुटांना ६ मि.मी.ची जाळी लागते.

पाण्याची व्यवस्था

उपड्या डब्यातून तबकात पाणी उतरत राहणारे भांडे सर्वांच्या परिचयाचे आहे. तबकातले पाणी डब्याच्या तोंडाखाली गेले की हवा आत शिरते आणि तेवढेच पाणी बाहेर येते. ते तिरके असले तर हे गणित चुकते आणि एका बाजूने पाणी वाहत राहते, म्हणून खालच्या चौथऱ्याला दोन्ही दिशांनी पाणसळ लावून पाहावी. तबकाचा काठ पाठीच्या पातळीला आणल्यावर उकरलेला भुसा त्यात पुष्कळ कमी पडतो, तरी ते रोज धुवावेच लागते. निप्पलमध्ये पाणी उघडे राहत नसल्यामुळे हा रोजचा घोळ संपतो आणि गादी कोरडी राहते. कोंबडी चोचीने पिन हलवते, थेंब येतात, सोडली की बंद होतात.

बादलीला बसवायचे तर आडवे निप्पल घ्यावेत. उभे निप्पल बादलीच्या तळाला लागतात, त्यांत गाळ थेट उतरतो आणि भांडे जरा कलले की ते ठिबकतात. आडवे निप्पल बादलीच्या भिंतीत, तळापासून ५ सें.मी. वर बसवले की गाळ खाली राहतो. भोक निप्पलच्या आट्यांच्या बाहेरच्या मापापेक्षा किंचित लहान असावे म्हणजे आटे प्लॅस्टिकमध्ये रुततात. नेमके बिट कोणते हे आधी टाकाऊ बादलीवर पाडून ठरवावे, कारण मोठे पडलेले भोक पुन्हा लहान होत नाही. भोकाची कड साफ करून रबरी वायसर घालावे, आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे द्यावेत आणि हाताने सुरू करून पान्याने फक्त शेवटचा पाव फेरा आवळावा. जोर लावला तर आटे झिजतात आणि मग कशानेही गळती थांबत नाही. झाकणाला २-३ मि.मी.चे एक भोक अवश्य ठेवावे. हवाबंद झाकण असेल तर पाणी कमी होताना आत पोकळी तयार होते आणि निप्पल कोरडे पडतात. बाहेरून बादली भरलेली दिसते, हाच यातला खरा धोका. शेवटी बादली भरून कोरड्या कागदावर रात्रभर ठेवावी आणि सकाळी कागदावर डाग आहे का ते पाहावे.

बादली पारदर्शक नसावी. उजेड आत गेला की शेवाळ धरते. फिकट रंगाची बादली असेल तर बाहेरून गडद रंग द्यावा आणि ती उन्हात तापणार नाही अशी सावलीत ठेवावी.

कोंबड्या वीस-पंचवीसच्या पुढे असतील तर टाकीपासून पाइपची रांग ओढणे सोयीचे पडते. येथे पाइपाच्या खालच्या अंगाला उभे निप्पल २० ते ३० सें.मी. अंतरावर बसतात. ते कोंबडीच्या डोक्याच्या वर असावेत आणि तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले ठेवून मान ताणून तिने वर चोच लावावी, इतकी उंची ठेवावी. खाली ठेवले तर ती मान वाकडी करून पिते आणि अर्धे पाणी गळते. हे निप्पल कमी दाबावर चालण्यासाठी बनवलेले असतात. टाकीचा तळ रांगेपासून ३० ते ६० सें.मी. वर असला की पुरते. नळाचे पाणी थेट जोडू नये, त्याच्या दाबाने निप्पल सतत गळतात. नळ टाकीला जोडावा, टाकीत तरंगत्या गोळ्याचा कॉक बसवावा आणि टाकीच्या तोटीला बारीक जाळीची गाळणी लावावी. पाइप पाणसळीत सरळ असावा, कारण मध्येच उंचवटा राहिला तर तेथे हवा अडकते आणि पुढचे निप्पल कोरडे राहतात. रांगेच्या दूरच्या टोकाला बॉल व्हॉल्व्ह लावावा, तो उघडून आठवड्यातून एकदा गाळ आणि हवा बाहेर काढावी. जीवनसत्त्वे किंवा औषधे पाण्यातून द्यायची असतील तर ती शक्यतो वेगळ्या उघड्या भांड्यातून द्यावीत. पाइपातून दिलीच तर नंतर सारी रांग धुवून घ्यावी, नाहीतर आत बुळबुळीत थर धरतो.

सवय लावणे

जुने भांडे एका दिवसात उचलणे ही निप्पलच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक होय. चोवीस तास पाण्यावाचून राहिलेली कोंबडी अंडी देणे थांबवू शकते आणि पूर्ववत होण्यास काही आठवडे जातात. पहिले तीन-चार दिवस दोन्ही ठेवावीत. सकाळी कोंबड्यांसमोर बोटाने निप्पलची पिन हलवून थेंब लोंबता ठेवावा. चमकणारी आणि लाल वस्तू त्यांना टोचून पाहावीशी वाटते, त्यामुळे एक-दोन हुशार कोंबड्या लवकर शिकतात आणि बाकीच्या त्यांचे पाहून. मग जुने भांडे दिवसाचे काही तास उचलावे, दुपारच्या उन्हात मात्र परत ठेवावे. सगळ्या जणी पितात की नाही हे मोजण्याचा सोपा उपाय म्हणजे रोज बादलीत किती पाणी कमी झाले आणि किती खाद्य संपले हे लिहून ठेवणे. पाणी न मिळालेली कोंबडी आधी खाणे सोडते, त्यामुळे खाद्याचा खप घटला की जुने भांडे निमूटपणे परत ठेवावे.

कडक उन्हाळ्यात निप्पलवर पूर्ण विसंबून राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या काळात कोंबड्यांना भरभर पाणी हवे असते आणि तुरा-लोळ्या ओल्या करून त्या अंग निववतात. थेंबाथेंबाने ते होत नाही. गारव्यासाठी एक उघडे पसरट भांडे खडीच्या चौथऱ्यावर जास्तीचे ठेवावे आणि सांडलवंड त्या काही आठवड्यांपुरती सोसावी. उलट जेथे पाणी गोठते तेथे निप्पलची पिन सर्वांत आधी अडकते, म्हणून थंडीत सकाळी पहिले काम पिन हलवून पाहण्याचे.

पिल्लांसाठी वरची बहुतेक मापे लागू होत नाहीत. पहिले काही दिवस खाद्य उथळ तबकात आणि पाणी अगदी उथळ तबकात, त्यात गोटे घालून द्यावे, म्हणजे पिल्लू बुडत नाही. त्यानंतर काठ पाठीच्या पातळीला ठेवण्याचा नियम तोच, फक्त पिल्ले झपाट्याने वाढत असल्यामुळे उंची दर आठवड्याला वाढवावी लागते.

धुणे आणि दुरुस्ती

उघडे पाण्याचे भांडे रोज, निप्पलची बादली दर दोन-तीन दिवसांनी रिकामी करून ब्रशने घासावी. महिन्यातून एकदा लिटरभर पाण्यात २० मि.लि. घरगुती ब्लीच मिसळून ते भांड्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावे आणि वास जाईपर्यंत धुवावे. क्षारांचे पांढरे थर काढायला व्हिनेगर चांगले, परंतु ते ब्लीचबरोबर कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यातही घालू नये, कारण त्यात जस्त विरघळते. खाद्याचे भांडे महिन्यातून एकदा पूर्ण रिकामे करून धुवावे आणि उन्हात खडखडीत वाळल्याशिवाय भरू नये. एल्बोच्या वळणात चिकटलेला थर बोटाने खरवडून वास घ्यावा. कुबट वास आला तर ते खाद्य कोंबड्यांना न देता टाकून द्यावे. या सगळ्यासाठी वेगळी बादली आणि वेगळा ब्रश ठेवावा आणि घरातल्या भांड्यांच्या मोरीत ही भांडी आणू नयेत, कारण कोंबड्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाचे पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो.

निप्पल ठिबकू लागला तर तो बदलण्याची घाई करू नये. बहुतेक वेळा पिनीच्या बैठकीत वाळूचा कण अडकलेला असतो; पिन आठ-दहा वेळा जोरात हलवली की तो निघतो, नाहीतर निप्पल उघडून व्हिनेगरमध्ये तासभर ठेवावा. थेंब आट्यांच्या बाजूने येत असेल तर टेप नवा लावावा. कोणते निप्पल मंदावले हे ओळखण्यासाठी प्रत्येकाखाली पेला धरून पिन एक मिनिट दाबून ठेवावी आणि पाणी मोजावे. ज्याचे पाणी शेजाऱ्यांच्या निम्मे भरते, ते आज ना उद्या बंद पडणारच, तेव्हा त्याच वेळी उघडून साफ करावे.